ऑपरेटर नंबर सतरा

सुमेधाताईंचा उजवा कान गेल्या दिवाळीपासून रुसला होता. डावा तेवढा शाबूत, आणि पोटापाण्याची सगळी भिस्त कानावरच. पुण्या-मुंबईची माणसं इंटरनेटवरून जुन्या मुलाखतींची रेकॉर्डिंग पाठवायची आणि बहात्तर वर्षांच्या सुमेधाताई केडगावच्या घरात बसून ती ऐकून टाइप करून द्यायच्या. मोबदला कामाच्या वेबसाइटवरच्या खात्यात साठत होता. अकरा महिन्यांनी कुठे कानाच्या मशीनपुरता जमला होता. मशीन नाही, तर यापुढे कामही नाही, हे त्या मनोमन ओळखून होत्या.

चहाच्या वेळेला फोन वाजला.

"मॅडम, वेबसाइटच्या पेमेंट विभागातून बोलतोय. तुमच्या खात्यात कुणीतरी घुसलंय. आता मोबाईलवर सहा आकडी कोड येईल, तो वाचून दाखवा. मी खातं लॉक करतो."

कोड खरंच आला. फोनचा आवाज मोठा ठेवलेला; तो ऐकून सून प्रणिता गॅसवरचा चहा तसाच ठेवून धावली. "आई, सांगून टाका ना! मशीनचे पैसे जातील!"

आकडे सुमेधाताईंच्या ओठांवर आले होते. पण नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी जुन्या सवयीने उजव्या कानाला लावलेला फोन डाव्या कानावर घेतला, आणि त्या थबकल्या.

त्या माणसाच्या मागे एक अख्खं दालन बोलत होतं. वीस-पंचवीस आवाज. त्यातली एक बाई कुणाला तरी सांगत होती, "मॅडम, कोड वाचून दाखवा. फोन ठेवू नका हं." पलीकडचा एक पोरगाही तेच म्हणत होता, शब्दाला शब्द.

ही गुणगुण त्यांच्या ओळखीची होती. नगरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये तरुणपणी रोज आठ तास त्यांनी ती ऐकली होती. डोक्याला हेडफोन, समोर कॉल जोडायच्या दोऱ्यांचं जाळं, आणि मागे येरझारा घालणाऱ्या सुपरवायझर पटवर्धनबाई. एकदा कुणीतरी "साहेबांच्या बंगल्यावरून बोलतोय, तातडीचा कॉल जोडा" म्हणून दरडावलं होतं. नवख्या सुमेधा घाबरल्या, तेव्हा बाईंनी सरळ दोरी उपसली होती. "बंगल्याचा नंबर आपल्याला पाठ आहे ना? मग आपण लावून विचारायचं. खरा असेल तो रागावेल, पण पळणार नाही."

"ठेवते मी," सुमेधाताई म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसशी माझी मीच बोलते."

"नको, नको मॅडम! फोन कट झाला की पैसे गेलेच समजा!"

"अस्सं?" म्हणत त्यांनी दोरी उपसली.

मग वेबसाइटचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केला. पैसे जागच्या जागी होते. पण कोड आला, म्हणजे पासवर्ड चोरांना आधीच सापडला होता.

"काय होता हो पासवर्ड?" प्रणिताने विचारलं.

"ऑपरेटर सतरा."

"आई! वेबसाइटवर तुमच्या नावाखालीच लिहिलंय की, 'माजी टेलिफोन ऑपरेटर, नंबर सतरा'! कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवलीत!"

"अगं, अभिमान असतो माणसाला." त्या हसू लागल्या. मग डोळे मिटून बसल्या. काष्टीचा आडत्या, श्रीगोंद्याचे डॉक्टर, पारनेरची पतपेढी, भिंगारचा सायकलवाला. कधीच बंद पडलेले, कुठल्याही कागदावर नसलेले चार नंबर एकापाठोपाठ आठवत गेले. त्यांची माळ ओवून नवा पासवर्ड झाला. दुसऱ्या कुणाच्या मोबाईल-कॉम्प्युटरवर ते खातं उघडं राहिलं असेल, तर तेही प्रणिताने बंद केलं.

"मला तरी सांगाल?"

"पटवर्धनबाई आल्या तरी सांगायची नाही."

तेवढ्यात पुन्हा तोच फोन. "मॅडम, कोड—"

सुमेधाताई ताठ बसल्या. चाळीस वर्षांपूर्वीचा तो गोड, थंड आवाज अलगद घशात आला.

"या मार्गावरील सर्व लाईन व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा."

पलीकडून मुकाट्याने फोन बंद. प्रणिता हसता हसता जमिनीवरच बसली. चहा केव्हाच उतू गेला होता, तो कुणालाच दिसला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मशीन आलं. आल्या-गेल्याला तो किस्सा ऐकवून झाल्यावर सुमेधाताई खुर्चीत टेकल्या. आत स्वयंपाकघरात प्रणिता फोनवर बहिणीला कुजबुजली, "आमच्या आई हल्ली जरा जास्तच भाव खातात."

"ऐकलं गं!" बाहेरून आवाज आला. "दोन्ही कानांनी!"