उघडा हात

"कोण आहे? बोला की! तोंडाला कुलूप घातलंय का?" म्हातारी खाटेवरून कडाडली.

समोर तिची सख्खी लेक उभी होती, पण म्हातारीला कळणार कसं? कानांनी कधीचाच संप पुकारलेला, आणि यंदा डोळेही गेले. उरलं होतं फक्त हातानं चाचपणं. आणि लेकीच्या हातात तर रबरी मोजे!

"आई, मीच आहे गं," ताई मास्कमधून ओरडली. उगाच आपली मनाच्या समाधानासाठी.

म्हातारीने मोजा चाचपला आणि हात झिडकारला. "दुसरीच कुणीतरी. माझ्या ताईला धाडा म्हटलं, तर मेल्या ह्या गुळगुळीत हातांच्या बायाच येतात!"

ताईला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. आईच्या जखमेत औषधांना दाद न देणारा जंतू सापडल्यापासून तिला या वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. आत जाताना गाऊन आणि मोजे घालायचे, निघताना ते आतच टाकायचे, हात धुवायचे. हे सगळं वॉर्डातल्या नव्या नर्स पोरींना ताईनेच घोकवून घेऊन शिकवलेलं. आता तेच तिच्या मुळावर आलं होतं. आजचा दिवस निघणं कठीण, असं डॉक्टर सकाळीच बोलून गेले होते. म्हणजे आई लेकीला हाका मारत मारत जाणार, आणि लेक उशाशी असून नसल्यासारखी!

बाहेर येऊन हात धुता धुता तिने मोठ्या सिस्टरना गाठलं. "थोडा वेळ मोजे काढू द्या हो. तिला कळू दे तरी."

"आई तुझी आहे, जंतू कुणाचेच नसतात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "शेजारी तो सुतार आहे, कालच पोटाचं ऑपरेशन झालेला. त्याचं ड्रेसिंग तूच करणार ना?"

मोठ्या सिस्टरचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

त्या चार पावलं गेल्या आणि परत फिरल्या. "सुताराचं मी बघते. आत्तापासून तू ड्यूटीवर नाहीस, नातेवाईक आहेस. जा, बस तिच्यापाशी. पण आज पुन्हा कुठल्या पेशंटला हात लावायचा नाही. आणि निघताना हात..."

"हे मला सांगताय होय?"

ताईने उघडा हात आईच्या हातात दिला. म्हातारीचा अंगठा तळव्यावरून फिरला, सतत धुऊन धुऊन खरखरीत झालेल्या बोटांवर थबकला.

"आलीस होय गं बाई?" म्हातारीचा आवाज एकदम मऊ झाला. "किती वाट बघायला लावलीस! ह्या बायांनी नुसता जीव खाल्लाय. एक धड बोलत नाही. आणि तेल लाव गं जरा हातांना. कामापुढं जिवाची कदर म्हणून नाही तुला."

मग तिने तो हात सोडलाच नाही. खिडकीतलं ऊन सरकत सरकत खाटेखाली गेलं, तेव्हा ती पकड आपोआप सैल पडली.

ताईने आईचा हात हलकेच तिच्या छातीवर ठेवला. गाऊन काढून डब्यात टाकला, बेसिनपाशी आली आणि तिथेच खिळली. तळवा अजून कोमट होता. नळ सोडवेना. मोठ्या सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. एरवी सगळ्यांना धारेवर धरणारी बाई, पण आज नुसती कोरडा नॅपकिन घेऊन थांबली.

शेवटी ताईने कोपरानं नळ सोडला आणि साबण घेतला. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. रडता रडता सगळं नीट, नेहमीसारखं धुतलं.

हात कोरडे करून तिने तळवा नाकाशी नेला. नुसता साबणाचा वास येत होता.