उर्वीचे अडतीस टक्के

माझी मुलगी माया घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहते. दोन वर्षांपूर्वी तिनं पंधरा वर्षांच्या उर्वीला आणि तेरा वर्षांच्या रत्नदीपला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. मी वागळे इस्टेटजवळच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. घरात शाळा भरणार म्हटल्यावर मला वाटलं, आता आपल्याला सन्मानानं बोलावणं येणार. आलं. "बाबा, तुम्ही मंगळवार-गुरुवार येत जा. मी मीटिंगमध्ये असले की मुलांकडे लक्ष राहील."

तरी मी जाताना खिशात लाल पेन ठेवायचो.

यंदा उर्वीला स्पॅनिश शिकायचं होतं. ती मोबाइलवर पेरू देशातल्या लुसिया नावाच्या मुलीशी बुद्धिबळ खेळते. डाव संपला की दोघी एकमेकींना अंगठा दाखवतात, की झाला संवाद.

"आजोबा, ती तिचा घोडा इतक्या लवकर का मारू देते, हे मला तिला विचारायचंय."

"मग मोबाइलच करून देतो की भाषांतर."

"पण मग बोललं कोण? मी की मोबाइल?"

मायाची मात्र अट होती. गेल्या वर्षी उर्वीनं जपानी हौसेनं सुरू करून दोन महिन्यांत सोडलं होतं. या वेळी चांगला अभ्यासक्रम निवडायचा, चौदा दिवस फुकट वापरून बघायचा, आणि जमतंय असं दिसलं तरच पुढं जायचं. निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. जबाबदारी म्हणून दिलं की गप्प बसवायला, ते मी विचारलं नाही.

नौपाड्यातल्या घरी बसून मी शंभर पानी वहीत तक्ता आखला. नवशिक्यांसाठीचे पाच अभ्यासक्रम होते. पहिल्यातल्या बाई फार भरभर बोलत. दुसऱ्यात नुसते व्हिडिओ, शंका विचारायची सोय नाही. तिसऱ्यात बरोबर उत्तर दिलं की टाळ्या वाजायच्या. मुलं डोक्यावर बसतील. पाचवा मी नीट पाहिलाच नाही, कारण चौथ्यात लिहिलं होतं, घरातल्या मोठ्या माणसानं सोबत बसून शिकवावं. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या.

रमाबाईंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, चहा ठेवता ठेवता तक्ता वाचला. "अहो, मुलांना स्पॅनिश शोधताय की स्वतःला नोकरी?"

मी वही मिटली. मोठ्या माणसानं शिकवायचं तर त्याला दोन धडे पुढं असायला हवं. म्हणून मी चौथा अभ्यासक्रम उर्वीच्या नावानं सुरू केला आणि तिला सांगितलं, "अजून बघतोय."

चौदा दिवस मी बघत होतो. बरेचसे बसमध्ये. कापूरबावडीला वाहनं तुंबली की बस अर्धा अर्धा तास जागची हलत नाही, तेवढ्यात एक धडा सहज व्हायचा. ऐकून मोठ्यानं म्हणायचं असे. विद्यार्थिनी उर्वी, त्यामुळे वाक्यही तसंच. "यो सोय उना चिका," मी खिडकीकडे तोंड करून म्हणायचो. मी मुलगी आहे. शेजारच्या बाईंनी हलकेच विचारलं, "काका, घरचं कुणी बरोबर आहे का?"

पहिल्याच शब्दाला मी अडलो. नमस्काराचा त्यांचा शब्द लिहितात 'होला' आणि म्हणतात 'ओला'. लिहिलंय तसं वाचा, हे चौतीस वर्षं मुलांना सांगितलेला मी. मी ठणठणीत 'होला' म्हणायचो आणि मोबाइल तितक्याच ठामपणे लाल व्हायचा. त्या भाषेत नपुंसकलिंगी नामंही नाहीत. ते पुस्तक, ते दूध, ते मेज, सगळ्यांची मला नव्यानं सोयरीक जुळवावी लागली आणि बहुतेक चुकली.

चौदा दिवस संपल्यावर अभ्यासक्रम पालकांना अहवाल पाठवतो, हे मात्र मी वाचलं नव्हतं.

गुरुवारी गेलो तेव्हा माया लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर दोन्ही मुलं.

"उर्वी, चौदा दिवस अभ्यास केलास आणि अडतीस टक्के? शेरा ऐक. 'विद्यार्थिनी उत्साही आहे, पण ऐकण्यापेक्षा बोलण्याची घाई करते.'"

उर्वीनं माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे.

"जपानीसारखंच करणार असशील तर राहू दे स्पॅनिश."

"बरं," उर्वी म्हणाली. एवढंच.

चूक झाली तर न घाबरता हात वर करा, असं मी किती वर्गांना सांगितलं असेल. माझे दोन्ही हात टेबलाखाली होते. तिचं ते 'बरं' कानात बसलं, आणि मी उजवा हात वर केला.

"काय बाबा, पाणी हवंय?"

"ते अडतीस माझे आहेत."

रत्नदीप खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. "आजोबा, ती विद्यार्थिनी तुम्ही?"

"मला कळलेलं," उर्वी म्हणाली. "पासवर्ड आजीचं नाव. दुसऱ्या दिवशीच उघडून बघितलेलं."

"मग आत्ता बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सांगता ना, कुणाची चूक चारचौघांत काढू नये."

मायानं हसू दाबत अहवाल पुढं सरकवला. "पण बाबा, हे 'गुस्ता' सतरा वेळा चुकलंय."

"ते अवघडच आहे," मी सावरून बसलो. "इंग्रजीत तीन पानं समजावलंय. आवडणारा माणूस कर्ता नाही, आवडलेली वस्तू कर्ता. सगळं उलटं."

उर्वीनं वाचलं. "मे गुस्ता एल मांगो. मला आवडतो आंबा." ती थांबली. "आजोबा, यात उलटं काय आहे? हे मराठीच आहे."

'मला आंबा आवडतो, मला कैरी आवडते. क्रियापद कुणाप्रमाणे बदललं?' हा प्रश्न मी चौतीस वर्षं चाचणीत घातला होता. दोन गुणांना.

त्याच संध्याकाळी उर्वीनं पाचही अभ्यासक्रमांतलं फक्त 'गुस्ता'चं पान उघडून पाहिलं आणि मी न पाहिलेला पाचवा निवडला. त्यात इंग्रजीतलं समजावणं नव्हतंच. चित्रं, वाक्यं आणि बोलायला भरपूर जागा. "समजावणं आपण मराठीत करू," ती म्हणाली. मायानं चौदा दिवस पुन्हा दिले. घरातल्या मोठ्या माणसाचा त्यात उल्लेखही नव्हता, पण तीन विद्यार्थ्यांची सोय होती. तिसरं नाव उर्वीनं मला न विचारता घातलं.

उर्वी आणि रत्नदीप पुढच्या धड्यांवर गेलेत. मी सावकाश येतोय. उर्वी माझी वही तपासते, माझ्याच लाल पेनानं.

परवा तिनं लुसियाला लिहिलं, 'मे गुस्ता तु काबायो.' मला तुझा घोडा आवडतो. आणि पुढं घोड्याचा तो प्रश्न. दुसऱ्या दिवशी चांगलं सहा ओळींचं उत्तर आलं. तिघं मोबाइलवर वाकलो. मी चष्मा पुसला. "थांबा, मी समजावून सांगतो."

उर्वीनं मोबाइल माझ्यासमोर धरला. "सांगा."

मी पहिला शब्द नीट पाहिला, एकदा मनात म्हटला.

"ओला," मी वाचलं.

पुढचं उर्वीनं वाचलं.