बटणाची झोप

आमच्या घरात तेव्हा एकच कायदा होता: बटण झोपली की कुणीही माणसासारखं वागायचं नाही.

बटण म्हणजे आमचं धाकटं कन्यारत्न. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि एवढीशी होती की बघताक्षणी मी म्हणाले, "अगं बाई, बटणच की!" आणि तेच चिकटलं. शर्ट शिवणारीच्या तोंडून दुसरं काय निघणार? तिची झोप भारी सावध, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून दारावरच्या बेलला मोजा चढवला होता. नवरा शीळ घालायला विसरला होता. सासूबाई शिंक आली की नाक दाबून जिन्यात धावायच्या आणि गड जिंकल्यासारख्या परत यायच्या. माझं शिलाई मशीन मात्र खिडकीपाशी चादर ओढून बसलं होतं, रुसलेल्या पाहुण्यासारखं.

त्या पायमशीनवर मी लग्नाआधीपासून शर्ट शिवत आले. कॉलर ही माझी खासियत. बटण पोटात होती तेव्हा अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत, पोट आणि मशीनमध्ये बोटभरच जागा उरली तरी शिवत होते. पण ते धडधडतं फार. बाळ घरी आल्यापासून एकदाही चालवलं नव्हतं. गंजून जाण्यापेक्षा कुणाच्या कामी तरी येऊ दे, म्हणून मीच पडदे शिवणाऱ्या बाईंना सांगून बसले की घेऊन जा. त्या आज दुपारी टेम्पो घेऊन येणार होत्या. सकाळपासून मी मशीन पुसत होते, तेल घालत होते. पुसून झालेलं परत पुसत होते.

"आई, मशीन का देऊन टाकतेयस?" थोरलीने विचारलं. हिला घरात सगळे चौकशी म्हणतात, आणि ते उगीच नाही.

"बटण उठते ना आवाजाने."

"कुठल्या आवाजाने?"

"सगळ्याच."

"तू बघितलंस?"

"त्यात बघायचं काय? सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांनी बघितलं?"

मी पुसायचं फडकं खाली ठेवलं आणि आठवून बघितलं. आम्ही बघितलं होतं ते एवढंच: एकदा मिक्सर लावला होता आणि बटण किंचाळून उठली होती. कायदा त्या दिवशीचा. पण ती सामसुमीतही उठायचीच की! जरा डोळा लागतोय तोवर भोकाड. मग आम्ही गुन्हेगार शोधायचो. गेल्या आठवड्यात तो मान नळाच्या थेंबाला मिळाला होता.

मी स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेले. "आई, मिक्सर लावून बघूया का?"

"डोकं ठिकाणावर आहे ना?" सासूबाई कुजबुजल्या. "आत्ता कुठे निजलीय!"

"म्हणूनच. खरंच उठते का ते बघायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या भांड्यांकडे. हळूहळू त्यांचे डोळे लकाकले. "मग आधी मी झाकण पाडते. कधीचं मनात आहे."

झाकण पडलं, गरगरलं, टेबलाखाली जाऊन कोलमडलं. बटणने फक्त ओठ चघळले. मग रिकामा मिक्सर लावला. घर नुसतं घरघरलं आणि बटणच्या मुठी उलगडून सैल पडल्या. ढाराढूर! मी मिक्सर बंद केला, आणि तिने टाहो फोडला.

"घ्या! मी काय म्हणत होते?" सासूबाई म्हणाल्या.

"पण आजी, मिक्सर तर बंद होता," चौकशी म्हणाली. "बंद झाल्यावर रडली ती."

माझी नजर खिडकीपाशी गेली, चादरीखालच्या मशीनवर.

मी बटणला उचलून शांत केलं. तिचा चाकांचा पाळणा खिडकीपाशी ढकलत नेला, मशीनला अगदी खेटून. चादर ओढून काढली, हाताला लागली ती चिंधी सुईखाली सरकवली आणि पाय मारला. धडधडधडधड. बटणने कान दिल्यासारखी मान वळवली. तिच्या पापण्या जड झाल्या, एकदा उघडल्या, मिटल्या.

आणि माझ्या लक्षात आलं. पोटात असताना हाच आवाज तर होता हिच्या डोक्यावरचं छप्पर! हिच्यासाठी आम्ही जी शांतता राखत होतो, तिच्यात तिला सगळे घर सोडून गेल्यासारखं वाटत असणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि शिवण वाकडी गेली. जाऊ दे म्हटलं.

तेवढ्यात नवरा कामावरून आला, बूट हातात घेऊन, चवड्यांवर. दारातच थबकला.

"हे काय चाललंय?"

"शीळ घाला," मी ओरडून म्हणाले.

"काय?"

"शीळ!"

त्याने बिचकत घातली. बटण झोपलेली. मग काय, गडी सुटलाच. आणि सासूबाईंनी बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभं राहून, नाकाला हातही न लावता अशी शिंक दिली की खिडकीची काच थरथरली. "आहाहा," त्या म्हणाल्या, "जीव मोकळा झाला!"

या गोंधळात पडदेवाल्या बाई कधी आल्या ते कळलंच नाही. बेलला मोजा होता ना. त्या दारावर थापा मारून मारून शेवटी आत आल्या.

"काय हो? मशीन द्यायचं ठरलं होतं, आणि तुम्ही तर शिवत बसलाय!"

"अहो, थांबता येत नाहीये. थांबले तर ही उठेल."

"मग मी काय रिकामा टेम्पो नेऊ?"

"मिक्सर नेता का?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंनी पाळण्यात डोकावलं. शीळ, शिंक, धडधड, आणि मधोमध ते गोल बटण, तोंड उघडं टाकून घोरतंय. त्यांना असं हसू फुटलं की भिंतीला टेकावं लागलं. मग त्या खाली गेल्या आणि टेम्पोतून कापडाचा गठ्ठा घेऊन वर आल्या. "मशीन राहू दे तुमच्याकडेच. पण पाय चालतोयच तर माझे पडदे तरी शिवा. कडेची शिवण सरळ मारा म्हणजे झालं."

"सरळ? अहो, कॉलरवाली आहे मी!"

दाराशी चौकशी स्टुलावर चढून बेलचा मोजा काढत होती. "आई, मोजा एकच आहे. दुसरा कुठे गेला?"

"माहीत नाही," मी धडधडीतूनच ओरडले. "चल, शोधूया. एवढा पडदा होऊ दे."