परहॅप्सची परीक्षा

अडुसष्ट सालची दिवाळी सरली आणि लताला बघायला जळगावहून पाहुणे आले. आधी तिला अंगणात चालायला लावलं, पाय सरळ पडतात का ते बघायला. मग सुई ओवायला दिली, नजर तपासायला. बाळंतपणाला फैजपूरला माहेरी आलेली पुष्पा माजघराच्या दारात तान्ह्याला थोपटत होती. धाकट्या बहिणीचे हे हाल बघून ती आतल्या आत धुमसत होती.

नवऱ्या मुलाचे काका तोतारामभाऊ इंग्रजीचे निवृत्त मास्तर. बशीतला चहा फुर्रकन ओढून म्हणाले, "कॉलेजात जाते न वं तू? मंग 'परहॅप्स' सांग. अर्थ, उगम, उपयोग."

लताने पदर सावरला. "म्हणजे कदाचित. 'पर' म्हणजे '-च्या योगाने', आणि 'हॅप' हा नशिबाला जुना शब्द. 'हॅपन', 'हॅपी' त्यातलेच. खात्री नसते पण शक्य असतं, तिथे वापरतात."

"वा! पोरगी तयार हाये!"

पुष्पालाही लग्नाआधी असंच तपासलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. सासरी गेल्यापासून इंग्रजी म्हणून तिने वाचलं ते ग्राइप वॉटरच्या बाटलीवरचं. तिला राहवेना.

"भाऊ, लग्नानंतर हिला बी. ए. करू द्याल?"

"कॉलेज कशाले आता? घरात खानारी माणसं काय कमी हायेत? वर केळीचा बाग."

"मग इंग्रजी कशाले विचारली?"

"पोरगी मठ्ठ नाही न, एवढं पाहायचं व्हतं."

"बैलाचे दात बघतात तसं?"

"पुष्पे, आत जाय!" आई, बेबाबाई, ओरडली. पुष्पा हलली नाही. बाळ दचकून रडायला लागलं, तसं तिने त्याला खांद्यावर घेतलं, पण नजर काही खाली घेतली नाही.

तोतारामभाऊ बापाकडे वळले. "जीवरामभाऊ, तुमची मोठी लेक फार बोलते."

जीवरामने पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. मग धाकटीला म्हणाला, "लते, तुले काय करायचं?"

"मला पुढे शिकायचंय, आबा."

"पोहे खाऊन घ्या, भाऊ," जीवराम पाहुण्यांना म्हणाला. "आत्ता नाही करायचं मले हिचं लग्न."

पोह्यांना कुणी हात लावला नाही. पुष्पा आत जाऊन बाळाला पाजायला बसली. ते लुचता लुचता झोपलं, हिचा राग मात्र उतरेना.