वाफेतली पावणेतीन मिनिटं

मी एक जुना, किल्ली दिली की चालणारा कॅमेरा. मला वीज लागत नाही, माणसाचा हात लागतो.

जन्म कारखान्यातला, पण जाण आली ती विद्यापीठातल्या कलाविभागाच्या कपाटात. पदवीनंतर दोन वर्षं माहितीपट आणि प्रायोगिक चित्रपट शिकायला मंडळी इथं येतात. नवे कॅमेरे हातोहात जायचे. माझ्या वाट्याला धूळ.

मग ती आली. पस्तिशीची, शाळेतली नोकरी सोडून आलेली. तिनं मला तान्ह्या बाळासारखं उचललं. अभ्यासक्रमाचा शेवटचा चित्रपट तिला वडिलांवर करायचा होता. त्यांनी चाळीस वर्षं एका लाँड्रीत इस्त्री केली होती, आणि महिनाअखेर ती लाँड्री बंद होणार होती.

वडील तयार होईनात. "माझ्यात काय बघायचंय, कॉलर बघ," म्हणायचे. मग ती रोज दुपारी मला मांडीवर घेऊन नुसतीच कोपऱ्यात बसायची. पांढऱ्या वाफेत त्यांचे हात पाण्याखालच्या माशांसारखे फिरायचे. बघता बघता मला गुंगी यायची.

शेवटच्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "चल, लाव तुझं ते."

रीळ एकच उरलं होतं. पावणेतीन मिनिटं मी जीव ओतून चाललो. पण माझं झाकण नीट बसलं नव्हतं. फटीतून ऊन आत शिरलं. रीळ धुऊन आलं, तर चेहरा कुठंच नाही. नुसता उजेड, मधूनच एक हात, एक बाही. लाँड्रीला तर कुलूप लागलेलं. ती मला रागावली नाही, पुसत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षकांपुढं तिनं तेच दाखवलं. यात माणूस कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. मागच्या रांगेतून वडील उठले.

"साहेब, वाफेत उभं राहिलं की मला असंच दिसायचं. पोरीला कसं कळलं, कुणास ठाऊक."

"बाबा, चूक झाली होती. झाकण उघडं राहिलं," ती म्हणाली.

"असू दे. दिसलं ना?"

थोड्या कुरकुरीनंतर तिला ही दुसरी पदवी मिळाली. जाताना वडिलांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, गरम इस्त्री तपासावी तसा, अलगद.

आता माझी स्प्रिंग थकली आहे. पुन्हा कुणी मला नेलंच, तर एवढंच करा: समोरच्या माणसानं "चल" म्हणेपर्यंत किल्ली देऊ नका. तोवर मी इथं पडून आहे. डोळ्यांपुढं पांढरे सदरे तरंगतात, आणि कुणीतरी एकेकाची घडी घालत असतं.