बशीतलं बिनरंगी कडं

‘मागच्या प्रबंधातलं गाव तेवढं बदलायचं. बाकी काही विचारायचं नाही.’ सोलापूरच्या एका कॉलेजात संशोधनाला येणाऱ्या प्रत्येकाला हा नियम पहिल्याच दिवशी ऐकवतात. मी तो इतक्यांदा ऐकलाय, की झोपेतही म्हणून दाखवीन. मी बोलतेय ती तिथल्या प्रयोगशाळेतली काचेची बशी. तळहाताएवढी, वर झाकण. माझ्यात जंतू वाढवतात. सगळे मला पेट्री डिश म्हणतात.

भट्टीतून निघाले तेव्हा केवढी हौस होती मला! कुणी कधी न पाहिलेलं माझ्यात दिसेल, असं वाटायचं. नशिबी आली गावं. एकाने मोहोळचं पाणी तपासलं, दुसरीने बार्शीचं. प्रश्न तोच, निष्कर्ष तोच. तिसऱ्याने मला कपाटातून बाहेरही काढलं नाही, तरी त्याच्या पीएचडीचे पेढे वाटले गेले.

मग भवानी पेठेतली ऋतुजा आली. तिखट जिभेची. तिचे गाइड गुरुराज सर म्हणाले, “बोरामणी घे. विहिरीचं पाणी. वर्षात मोकळी होशील.”

तिची मामी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल शिवते. तिला डबा द्यायला जाताना ऋतुजाला रंगाच्या पाण्याचा नाला लागतो. टॉवेल लाल, तर नाला लाल. त्या लाल पाण्यात एका दगडाखालचा गाळ मात्र रंगला नव्हता. सगळं जग तिथून ये-जा करतं. का रंगला नाही, हे हिनेच विचारलं.

तिने तो गाळ आणला. लाल रंग मिसळलेलं जंतूंचं खाद्य माझ्यात ओतून त्यावर फिरवला. कितीदा फसलं. बुरशी आली, खाद्य वाळलं. ती मला घासायची, पुन्हा ओतायची. एका सकाळी माझ्यात एक ठिपका दिसला आणि त्याच्याभोवती लाल रंग विरून गेलेलं कडं. जंतू रंग खात होते! तिने मला खिडकीशी धरलं. माझ्या पोटात काय निघेल, हे पहिल्यांदाच कुणाला आधी ठाऊक नव्हतं.

“कुठं वाचलंस हे?” सरांनी विचारलं.

“रंग खाणारे जंतू वाचलेत सर. पण रंगाईच्या मिठानं इतक्या खारट झालेल्या पाण्यात हा पक्का लाल रंग खाणारे कुठंच नाहीत.”

“म्हणजे चुकलंय. बाहेरचे जंतू शिरलेत. उद्या संशोधन तपासायला कमिटी येतेय, टेबल साफ हवं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो ठिपका दुसऱ्या बशीत उतरवून घेणार होती. त्याआधीच मला वाफेच्या मोठ्या कुकरात घातलं. आत माझं काही बिघडत नाही, मी काच. पण तो ठिपका माझ्या अंगावर शिजला. मला त्याला धरून ठेवता आलं नाही.

“सरांनीच सांगितलं की, समदं उकळून ठेव,” सफाईच्या फुलाबाई घाबरून म्हणाल्या. “त्यात काय हाय, मला काय ठाऊक गं माय?”

ऋतुजा त्यांच्यावर चिडली नाही. मला घेऊन थेट कमिटीपुढे गेली.

“रंग खाणारे जंतू शिजले. एमआयडीसीच्या नाल्यावरून पुन्हा गाळ आणते,” ती म्हणाली.

“अगं, तो नाला परवाच जेसीबीनं उपसला,” कमिटीच्या पद्मजा मॅडम म्हणाल्या.

तिचा चेहरा उतरला.

“बोरामणी लिही, बाळ,” सर मऊपणे म्हणाले. “आमच्या सरांनी सांगितलं, ते आम्हीही लिहिलंच की.”

माझ्यात आता जिवंत असं काही उरलेलं नाही. माझं एकच मागणं आहे. जे आधीच ठाऊक आहे, ते माझ्यात पुन्हा वाढवू नका. त्यापेक्षा फोडून टाका मला.

“नाही लिहिणार,” ऋतुजा म्हणाली. “त्या विहिरीत काय निघणार, ते तुम्हाला आजच ठाऊक आहे. मग मी शोधलं काय? ते जंतू मला परत सापडतील, न सापडतील. नाहीच सापडले, तर राहू दे डॉक्टरकी.”

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी टेबलाकडे. ऋतुजा मला घेऊन नाल्याकडे निघाली.