घुण टेबलात नव्हता

मित्रांनो, चिमूरच्या बसस्थानकाजवळ वहाबभाईंचं टायपिंगचं दुकान आहे. तिथे पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक चपटी, जडशी, धातूची वस्तू ठेवलेली असते. ती मी, एक जुनी हार्ड डिस्क. गिऱ्हाइकं मला एका बोटाने बाजूला सारतात आणि आपला अर्ज ओढून घेतात. मी काही बोलत नाही. पण एके काळी माझ्या नुसत्या कुरकुरण्याने हे अख्खं दुकान हवालदिल झालं होतं, हे त्यांना कोण सांगणार?

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसं घाबरतात. आणि दैव असं, की मी येऊन पडले चिमूरला, बसगाड्यांच्या धुरळ्यात! संगणकाच्या डब्यात मला चार स्क्रूंनी घट्ट बसवलं आणि तो डबा एका सागवानी टेबलावर ठेवला. टेबल पोचू सुताराने केलं होतं. त्याला त्याचा इतका अभिमान, की येता-जाता तो खिडकीतून टेबलाकडे बघायचा, संगणकाकडे नाही.

वहाबभाईंनी आयुष्यभर टाइपरायटर बडवला होता. संगणकाला ते लांबूनच नमस्कार करत. काम करायची त्यांची लेक शगुफ्ता. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, जातीच्या दाखल्याचे अर्ज, सगळं ती टाइप करायची आणि मी सांभाळायची. मिनिटाला पाच हजार चारशे गिरक्या घेत मी काम करत असे. चुका शगुफ्ता करायची, मी त्या फक्त जशाच्या तशा जपून ठेवायची. या इमानदारीबद्दल मला कुणी शाबासकी दिली नाही.

दोन हजार एक साली आशाबाई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करताना बायका जी गाणी म्हणतात, ती त्यांनी गावोगाव हिंडून, बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात उभं राहून अकरा वह्यांत उतरवली होती. दोनशे तेरा गाणी! त्यांचं पुस्तक व्हावं एवढी एकच इच्छा बाईंना होती. शगुफ्ताने वर्षभर खपून ती टाइप केली. प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल, आणि फाइलला गाणाऱ्या बाईचं नाव.

वह्या परत गेल्या आणि बाईंच्या घरच्या माळ्यावर वाळवीने त्यांचा फडशा पाडला. उरले ते पुठ्ठे. बाई ते पुठ्ठे पिशवीत घेऊन दुकानात आल्या.

"तुह्या कम्प्युटरात हाय ना पोरी सारं?"

"हाय ना बाई. एकही गाणं नाई गेलं."

"मंग झालं," बाई म्हणाल्या आणि बाकावर बसून पदराने डोळे पुसले.

त्या दिवसापासून ती गाणी जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या पोटात. माझी छाती अभिमानाने फुगली. शगुफ्ता मात्र रोज म्हणायची, "उद्या फ्लॉपीवर उतरवून घेते." फ्लॉप्यांचा डबा चंद्रपूरहून आणायचा होता. तो उद्या काही उजाडेना.

आणि एका सकाळी मला बरं वाटेनासं झालं. टक्... टक्... कर्र... माझा वाचायचा काटा अडखळायला लागला. मी घाबरले. ओरडून सांगावं म्हटलं, तर माझ्याकडे ओरडायला तेवढाच आवाज!

शगुफ्ताचे हात थांबले. "अब्बा, आवाज येऊन राह्यला."

वहाबभाईंनी चष्मा काढला, वाकले आणि कान लावला. कुठे? टेबलाला! यात त्यांची चूक म्हणवत नाही. आमचा मुलूख जंगलाचा. इथे लाकडातून कर्र आवाज आला की कानाकोपऱ्यातला माणूस एकच गोष्ट सांगेल, आत पोखरणारा घुण लागलाय. शिवाय बाईंच्या वह्या नुकत्याच वाळवीने खाल्लेल्या. आणि माझा आवाज डब्यातून टेबलात उतरून पायांपर्यंत घुमत होता.

"घुन हाय," वहाबभाईंनी निकाल दिला. "पोचूनं कच्चं लाकूड लावलं."

त्यांनी संगणक बंद केला, डबा उचलून खुर्चीवर ठेवला आणि टेबलाच्या फटीफटीत इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल सोडलं. मग पुन्हा कान लावला. एकदम शांत! शांत असणारच, मी बंद होते ना! पण ते कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ. वहाबभाईंनी मिशीवर हात फिरवला. "मेला."

दुसऱ्या दिवशी मला चालू केलं आणि घुण जिवंत झाला. पुन्हा मी बंद, पुन्हा रॉकेल, पुन्हा मेला. असं तीन दिवस चाललं. दुकानात रॉकेलचा असा वास सुटला की गिऱ्हाइकं विडी विझवूनच आत यायची. शगुफ्ताला मात्र चैन पडेना. तिसऱ्या दिवशी एक पत्रिका उघडायला मी पाच मिनिटं लावली, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

चौथ्या दिवशी बातमी पोचूला लागली. तो तणतणत आला. कानावर सुताराची जाड पेन्सिल होतीच.

"वहाबभाऊ, माह्या सागवानाले घुन? सारा बाजार हासून राह्यला मले!"

"मंग आवाज कायचा हाय? तूच आयक."

पोचूने टेबलाला कान लावला. मग पेन्सिलचं एक टोक टेबलावर टेकवलं आणि दुसरं कानात धरलं. मग तो शगुफ्ताला म्हणाला, "पोरी, याले चालूच ठेव, अन् डबा खाली ठेवू." दोघांनी मला अगदी अलगद जमिनीवर उतरवलं. पोचूने पेन्सिल टेबलाला लावली. काही नाही. डब्याला लावली.

"घे! घुन तुह्या डब्यात हाय."

"लोखंडाले घुन लागते का बे?" वहाबभाई भडकले.

पण शगुफ्ताने एव्हाना चंद्रपूरला गोपालला फोन लावला होता. हा संगणक दुरुस्त करणारा. त्याने आवाज कसा येतो ते ऐकून घेतलं आणि ओरडलाच, "बंद कर! आत्ताच्या आत्ता बंद कर. मी येतो."

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नवी डिस्क आणि फ्लॉप्यांचा डबा घेऊन आला. आशाबाईही आल्या. रिकामे पुठ्ठे असलेली पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. गोपाल म्हणाला, "हे एकदाच चालंल. पहिले सर्वांत महत्त्वाचं काय हाय ते सांग." शगुफ्ता म्हणाली, "गाणे."

मित्रांनो, मी त्या दिवशी जिवाच्या आकांताने फिरले. एकेक गाणं उचलून नव्या डिस्ककडे देत होते. शंभर झाली. दोनशे झाली. दोनशे बारावं गेलं. आणि शेवटच्या फाइलवर माझा काटा कायमचा अडकला. मी थांबले, ती थांबलेच.

"कोनाचं राह्यलं?" बाईंनी विचारलं.

शगुफ्ता रडत होती. तिने पडद्यावरचं नाव वाचलं, "सोमारी."

सोमारी गेल्याला वर्ष झालं होतं. बाईंनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सोमारी म्हंजे आपल्या पोचूची माय. बोलवा त्याले."

गोपालने मला डब्यातून काढून टेबलावर ठेवलं, तोवर पोचू आला, पण दारातच उभा राहिला. "पहिले भाऊनं सांगावं, टेबलाले घुन होता का?"

"नव्हता," वहाबभाई म्हणाले.

"मोठ्यानं."

"नव्हता बे! तुहं सागवान अस्सल हाय, मीच बुद्धू."

पोचू आत आला आणि लाजून आणखीच अवघडला. रोवणीची गाणी बायकांची. बाप्यामाणसाने ती म्हणायची नसतात. "लहानपनी धुऱ्या-बांधावर बसून आयकलं होतं, आता नाई आठवत," तो म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे. तो एकदम कमरेत वाकला आणि पऱ्हं, म्हणजे भाताचं रोप, लावल्यासारखा हात खाली नेऊन एकेक पाऊल मागे सरकू लागला. हात चालायला लागले तसा आवाजही फुटला.

"बांधीच्या धुऱ्यावर जावई बसला,
चिखलाले पाहून लाजून हासला.
घे रे जावया पऱ्ह्याची जुडी,
मोडू दे तुह्या धोतराची घडी..."

रोवणी करत करत तो उलटा चालत गेला आणि दारावर आपटला. दुकानात हशा पिकला. आशाबाई तर हसता हसता रडल्या. "हेच! हेच गानं!" शगुफ्ताने त्याला पुन्हा वाकायला लावलं, पुन्हा, आणखी एकदा. शेवटची ओळ टाइप झाली तेव्हा पोचूची कंबर धरली होती.

पोचू टेबलाचं रॉकेल पुसायला बसला, तोवर शगुफ्ताने नव्या डिस्कवरून फ्लॉप्यांवर दोन प्रती काढल्या आणि एक बाईंच्या पिशवीत घातली. त्या दिवशी तिच्या तोंडून 'उद्या' हा शब्द आला नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे कुणाचं काही एकाच जागी असेल, तर आजच दुसरीकडे ठेवा. यंत्र कुरकुरलं तर त्याचं म्हणणं ऐका आणि रॉकेल जरा जपून वापरा. माझं म्हणाल तर माझी तक्रार नाही. बंद पडेपर्यंत ती दोनशे तेरा गाणी मी पोटात वागवली, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. पण गाणं म्हणजे काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं, बंद पडून टेबलावर पडल्या पडल्या पोचूचं ऐकल्यावर.